टाळ्या, थाळ्या आणि देवी डॉक्टर

मी सावद्याहून बोलतोय. मागे ट्रॅक्टरचा आवाज आला तर सांभाळून घ्या, शेजारी केळीचा माल भरणं चालू आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे इथे लिहून देतोय. बोलताना जसा बोललो, जवळजवळ तसाच.

आजचा विषय एका श्रोतीनं सुचवला. तिचा प्रश्न साधा होता: "दादा, मराठीत डॉक्टरांवर कविता आहेत का? एखाद्या लसीवर, एखाद्या शोधावर कुणी गाणं केलंय का?" मी लगेच 'हो' म्हणून मोकळा झालो. मग शोधायला बसलो आणि लक्षात आलं की हा प्रश्न मला वाटला तेवढा सोपा नाही. शिवाय त्याचं उत्तर देताना मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगावी लागणार आहे. ती फारशी अभिमानाची नाही. पण तिथूनच सुरुवात करतो.

मी लिहिलेली कविता

२२ मार्च २०२०. संध्याकाळी पाच वाजता आपण सगळ्यांनी टाळ्या-थाळ्या वाजवल्या होत्या, आठवतंय ना? आमच्या गल्लीत तर एकानं शंख फुंकला होता. त्या रात्री मी मोबाईलवर एक कविता लिहिली. पांढरा कोट, देवदूत, जीवाची बाजी, सगळं त्यात होतं. खाली नाव टाकलं नाही, कारण लाज वाटत होती. फॅमिली ग्रुपवर टाकली, आणि आठ दिवसांत ती फिरत फिरत मलाच तीन ठिकाणांहून परत आली. खाली 'अनामिक' असं लिहिलेलं.

आमच्या गल्लीत तेव्हा एक सिस्टर भाड्यानं राहत होती. तालुक्यातल्या एका दवाखान्यात नोकरी, रोज स्कूटीवर जाऊन-येऊन करायची. एप्रिलमध्ये तिच्या घरमालकानं तिला खोली रिकामी करायला सांगितलं. का, तर "आमच्या घरात म्हातारी माणसं आहेत." आणि त्याच माणसाच्या स्टेटसला त्या आठवड्यात काय होतं? माझी कविता.

मी ओट्यावर उभा राहून तिचं सामान टेम्पोत चढताना पाहिलं. गॅसची शेगडी, दोन बादल्या, एक गादी. मी एक शब्द बोललो नाही. घरमालक नात्यातला होता, उगाच कशाला वाकडेपणा घ्यायचा, असं वाटलं.

तर मंडळी, डॉक्टर-सिस्टरांची स्तुती करणाऱ्या कवितेचा इतिहास शोधताना माझ्या डोक्यात सतत हा टेम्पो उभा होता. आता मागे जाऊ.

गाणं रोगाचं, डॉक्टरचं नाही

सगळ्यात आधी मी आजीला विचारलं. तिला शितळामायची गाणी येतात, मरीआईची येतात. म्हटलं, "आजी, डॉक्टरची एखादी ओवी?" ती हसली. "डॉक्टरची ओवी कोन म्हनीन रे? त्याले सुई टोचता येते, आंगात येता येत नाही."

गंमत वाटली, पण विचार करा. आपल्याकडे शेकडो वर्षं गाणी झाली ती रोगाची. देवी म्हणजे एक रोग, आणि देवी म्हणजे देवीसुद्धा. पोराच्या अंगावर फोड आले की 'देवी आल्या' म्हणायचं. कुणी पाहुणी यावी तसं. तिला चिडवायचं नाही, घरात फोडणी द्यायची नाही, कडुलिंबाचा पाला ठेवायचा, थंड नैवेद्य दाखवायचा, आणि गाणी म्हणून तिला हळूच निरोप द्यायचा. पटकीसाठी मरीआई, तिचा गाडा, तिचा पोतराज. ज्याच्यापुढे माणूस हतबल असतो त्याला तो गाण्यात आळवतो. वैद्य बिचारा माणूसच. त्याला फी दिली, पायलीभर धान्य दिलं, की हिशोब मिटला.

मग लस आली. एडवर्ड जेन्नरनं इंग्लंडमध्ये १७९६ साली गाईच्या देवीतून माणसाच्या देवीवर उपाय काढला. ती लस बसऱ्याच्या वाटेनं मुंबईला पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी भारतात पहिल्यांदा यशस्वीपणे टोचली गेली. कुणाला? ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तेव्हा फ्रीज नव्हता, बाटलीतली लस उन्हात मरून जायची. त्यामुळे ती माणसाच्या दंडातूनच पुढे न्यावी लागे. एका पोराच्या दंडावर फोड आला की आठवड्यानं त्यातला द्रव घेऊन पुढच्या पोराला टोचायचा. ॲनाच्या दंडातून मुंबईची पाच मुलं, त्यांच्यापासून आणखी मुलं, आणि तशी ती लस पुण्याला, सुरतेला, हैदराबादला, मद्रासला गेली. म्हणजे या देशातला पहिला लसपुरवठा लहान पोरांच्या दंडांवरून झाला. या मुलीवर कविता? मला एकही सापडली नाही.

कवितेचा वापर मात्र झाला, तो दक्षिणेत. मद्रासमध्ये एफ. डब्ल्यू. एलिस नावाचा इंग्रज अधिकारी होता, भाषांचा मोठा जाणकार. लोक लस घ्यायला बिचकतात हे बघून त्यानं एक कथाच रचली. त्यात धन्वंतरी आणि देवी यांचा संवाद आहे, आणि ही लस म्हणजे गाईचीच देणगी आहे असं ती देवीच सांगते! आजच्या भाषेत सांगायचं तर सरकारी जाहिरात, पुराणाच्या वेशातली. त्याच काळात जवळच तंजावरला आपले मराठे राजे सरफोजी दुसरे राज्य करत होते, १७९८ ते १८३२. त्यांनी 'धन्वंतरी महाल' उभारला, तिथे देशी आणि युरोपीय वैद्यक शेजारी शेजारी चालायचं. राजांना डोळ्यांच्या शस्त्रक्रियांची एवढी आवड की रुग्णांच्या नोंदी चित्रांसकट ठेवलेल्या आहेत. आणि तिथले औषधांचे अनुभव तमिळ पद्यांत बांधले गेले. 'सरभेंद्र वैद्य मुरैगळ' या नावानं ते ग्रंथ आजही ओळखले जातात. सरभेंद्र म्हणजे सरफोजीच. पद्य का? पाठ व्हावं म्हणून. इथे कविता आहे, वैद्यकही आहे, पण ती आरती नव्हे. ती औषधाची कृती आहे.

देवी डॉक्टर आला रे आला

आता सावद्याला या. १८५२ साली इथे मोठा दंगा झाला होता. इंग्रज सरकारनं जमीन मोजायला साखळ्या घेऊन माणसं पाठवली, आणि मोजणीच्या विरोधात सावद्याला दहा ते पंधरा हजार माणूस जमलं. गॅझेटियरमध्ये नोंद आहे. पलटण आणून म्होरके पकडले तेव्हा लोक पांगले. हे मी का सांगतोय? कारण लस टोचणारा माणूसही त्याच सरकारचा होता. साखळी घेऊन आलेला माणूस शेत मोजून सारा वाढवतो, हे ज्यानं पाहिलंय, त्याच्या दारात सुई घेऊन आलेला माणूस पोरांचं भलं करायला आलाय हे त्याला कसं पटावं? आपण आज 'अडाणी लोक लसीला घाबरायचे' असं सहज म्हणतो. त्यांच्या भीतीला कारण होतं.

आजीच्या दंडावर दोन वाटोळे व्रण आहेत, जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढे. "मायनं मले कनगीमांगं लपाडलं व्हतं," ती सांगते. "देवी डॉक्टर आला म्हनून पोरं सांगत पयाली, आन् मी कनगीमांगं." तरी तिला शोधून काढलंच. ती रडली, ताप आला, खपल्या पडल्या, आणि तिला देवी कधीच आल्या नाहीत.

देवी डॉक्टर! हा शब्द तुमच्या आजी-आजोबांना विचारा, त्यांना माहीत असेल. तो बहुतेक वेळा डॉक्टर नसायचाच, लस टोचणारा साधा सरकारी कर्मचारी. गावोगाव पायी, सायकलवर, उन्हातान्हात. पण लोकांनी त्याला नाव दिलं ते बघा. आणि लस घेण्याला आपण काय म्हणायचो? 'देवी काढणे'. देवी येतात आणि देवी काढतात. ज्या देवीला हजार गाणी गायली, तिचंच नाव लोकांनी त्या सुईवाल्याला लावून टाकलं.

मला विचाराल तर मराठीतली डॉक्टरवरची सगळ्यात जुनी स्तुती ही आहे. दोन शब्दांची. कवी माहीत नाही.

मे १९७५ मध्ये भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण सापडला. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं की हा रोग पृथ्वीवरून गेला. शितळेची गाणी राहिली, रोग गेला. देवी डॉक्टरांची नावं मात्र कुठल्या गावात कुणी लिहून ठेवली?

पिलोकाचं वर्ष

आता १८९७. कवितेच्या अंगानं बघितलं तर हे एक विलक्षण वर्ष आहे.

आदल्या वर्षी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखलं की हा प्लेग आहे. रशियन साम्राज्यातल्या ओडेसा शहरातून आलेला वाल्देमार हाफकीन मुंबईत एका छोट्या खोलीत कामाला लागला. १० जानेवारी १८९७ ला त्यानं तयार केलेली लस आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी पुढे आले. तीन-साडेतीन महिन्यांत लस तयार! करोनाची लस वर्षाच्या आत आली तेव्हा आपण केवढे चकित झालो होतो.

पण त्या वर्षी मराठीत गाजलेली कविता कुठली? १५ जून १८९७ च्या 'केसरी'त छापलेली 'शिवाजीचे उद्गार'. देशाची दुर्दशा बघून महाराज काय म्हणतील, अशी ती. आठवड्याभरात, २२ जूनला, पुण्यात प्लेग कमिशनर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि पुढे टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा हीच कविता पुराव्यात होती. टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. प्लेगच्या नावाखाली सोल्जर घरात घुसत होते, देवघरापर्यंत जात होते. अशा वेळी वैद्यकाची स्तुती कोण करणार? औषध आणि बंदूक एकाच दारातून आत आली की लोकांना बंदूकच दिसते.

त्याच वर्षी, १० मार्चला, पुण्यात एक कवयित्री प्लेगनं गेली. 'काव्यफुले' हा तिचा संग्रह १८५४ सालचा. सावित्रीबाई फुले. त्यांचा मुलगा यशवंत डॉक्टर, त्यानं पुण्याबाहेर माळावर प्लेगचा दवाखाना काढलेला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी पोराला त्या स्वतः उचलून दवाखान्यात घेऊन आल्या, आणि त्यांना लागण झाली. वय सहासष्ट. हे लिहिताना मला माझी मोबाईलवरची कविता आठवते आणि मान खाली जाते.

आणि आपल्या खानदेशात? प्लेग रेल्वेच्या रुळांवरून फिरला, आणि आपलं भुसावळ तर जंक्शन. इथून तास-दीड तासाच्या वाटेवर, असोद्याला १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींनी प्लेगवर गाणं केलं. त्या म्हणतात 'पिलोक'. गाठी, ओस पडलेलं गाव, गावाबाहेरच्या झोपड्या, असं ते गाणं. त्यांच्या घरातही हा रोग आला, मुलगा ओंकार त्यात कायमचा अधू झाला. लिहिता-वाचता न येणारी ही बाई शेतात आणि जात्यावर गाणी करत होती, आणि ३ डिसेंबर १९५१ ला ती गेल्यावर पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांमुळे ती गाणी पुस्तकात आली.

बहिणाबाई जुन्या विचारांच्या, नव्या गोष्टींना नाकं मुरडणाऱ्या होत्या, असं समजू नका हं. जळगावच्या छापखान्यावर त्यांनी कौतुकानं गाणं केलंय. यंत्राचं त्यांना नवल होतं. पण प्लेगच्या गाण्यात नवल नाही, दुःख आहे. छापखाना त्यांनी चालताना पाहिला होता. प्लेगवरची लस त्यांच्या दारापर्यंत वेळेवर पोहोचली असती आणि ओंकारचे हातपाय वाचले असते, तर? उगाच मनात येतं.

स्वतःच्या शोधावर कविता करणारा डॉक्टर

पण १८९७ संपलेलं नाही. वैद्यकीय शोधावरची जगातली बहुधा सगळ्यात प्रसिद्ध कविता याच वर्षी, आपल्या शेजारी सिकंदराबादला लिहिली गेली. रोनाल्ड रॉस हा लष्करी डॉक्टर, जन्म अल्मोड्याचा. २० ऑगस्टला त्याला सूक्ष्मदर्शकाखाली डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू दिसले. आपल्या सातपुड्याच्या पायथ्याला हिवतापानं किती घरं बसवली हे म्हाताऱ्यांना विचारा, म्हणजे या शोधाची किंमत कळेल. रॉस त्या आनंदात कविता लिहायला बसला. देवाचे आभार, आणि मृत्यूला आव्हान. पुढे १९०२ चं नोबेल मिळालं. कलकत्त्यात त्याच्या स्मारकाच्या कमानीवर या ओळी कोरल्या आहेत.

कविता चांगली आहे. पण तिच्यात हुसेन खान नाही. हुसेन खान हा त्याचा मलेरियाचा रुग्ण. मच्छरदाणीत झोपून तो डासांकडून चावून घ्यायचा, आणि चावलेल्या प्रत्येक डासामागे रॉस त्याला एक आणा द्यायचा. त्याच डासांपैकी एकात तो जंतू सापडला. ॲना डस्टहॉलसारखाच हाही. शोधाच्या कवितेत दंड ज्याचा, तो नसतो.

रॉसनं मात्र पुढे एक गोष्ट केली, जी मला त्याच्या कवितेपेक्षा जास्त आवडते. १९०२ साली पंजाबात मुल्कोवाल गावी हाफकीनची लस घेतलेली एकोणीस माणसं धनुर्वातानं मेली. सगळी एकाच बाटलीतली. हाफकीनवर ठपका आला, त्याचं काम काढून घेतलं गेलं. बाटली उघडताना तिथेच, गावात, चूक झाली असावी असं पुरावे सांगत होते, पण ऐकतो कोण? तेव्हा रॉस उभा राहिला. १९०७ साली लंडनच्या 'टाइम्स'मध्ये त्यानं हाफकीनच्या बाजूनं पत्रं लिहिली, इतर शास्त्रज्ञांच्या सह्या जमवल्या. हाफकीन निर्दोष ठरला. आज परळला त्याच्या नावाची संस्था आहे.

म्हणजे एकाच माणसानं कविताही लिहिली आणि पत्रही लिहिलं. पत्रात यमक नव्हतं, पण ते ज्याच्यासाठी लिहिलं त्याच्या उपयोगी पडलं.

विंचवाचं गाणं, विंचवाचा डॉक्टर

शेवटची गोष्ट आपल्या महाराष्ट्रातलीच. विंचवाचं भारूड ऐकलं नाही असा मराठी माणूस सापडणार नाही. संत एकनाथांचं, सोळाव्या शतकातलं. त्यात विंचू म्हणजे काम-क्रोध, आणि उतारा म्हणजे सत्त्वगुण. कीर्तनात लोक हसून हसून लोळतात. पण कोकणात खरा लाल विंचू चावला की कुणी हसत नसे. दवाखान्यात पोहोचलेल्या शंभरातले तीस-चाळीस दगावायचे, त्यात पोरं जास्त. मांत्रिक विंचू उतरवायचा, आणि डॉक्टरकडेही नक्की उपाय नव्हता.

जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडकडे नोकरीला गेले. रात्र रात्र रुग्णाजवळ बसून त्यांनी नोंदी केल्या. विष अंगात गेलं की रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी भरतं, आणि माणूस त्यात जातो. मग आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करायच्या, असा त्यांनी विचार केला. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यांनी वापरली, आणि शंभरातले मृत्यू एक-दोनावर आले. १९८२ पासून 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकानं त्यांचं काम छापलं. २०२२ साली पद्मश्री मिळाली. स्वतःची कहाणी त्यांनी 'बॅरिस्टरचं कार्टं' या पुस्तकात लिहिली आहे, जरूर वाचा.

विंचवावर चारशे वर्षं गाणं गाणाऱ्या भाषेनं विंचवाच्या डॉक्टरवर गाणं केलं का? मला तरी माहीत नाही. आधी मला याचं वाईट वाटायचं. आता वाटतं, आजी म्हणाली तेच खरं. गाणं त्याला लागतं ज्याच्यापुढे आपला इलाज चालत नाही. इलाज सापडला की गाण्याची गरज संपते, आणि डॉक्टरची मजुरी, झोप, राहायची खोली, असल्या साध्या गोष्टींची गरज सुरू होते. ते द्यायला मात्र आपण कचरतो. कविता स्वस्त पडते.

फोन

हा भाग तयार करताना मी त्या सिस्टरचा नंबर मिळवला. आता ती दुसऱ्या जिल्ह्यात आहे. फोन करून म्हटलं, "ताई, तुमचं सामान गेलं तेव्हा मी ओट्यावर होतो. बोलायला हवं होतं." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दादा, मी पाहिलं होतं तुम्हाला. मला वाटलं टेम्पोत गादी चढवायला तरी याल."

कवितेचं मी तिला सांगितलंच नाही. कशाला सांगायचं?

तर श्रोतीताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. आहेत, थोड्या आहेत. पण तुम्हाला खरंच काही गोळा करायचं असेल तर कवितांआधी नावं गोळा करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दंडावरचे व्रण दाखवायला सांगा आणि विचारा, तुमच्या गावचा देवी डॉक्टर कोण होता? नाव आठवलं तर मला व्हॉइस नोटवर पाठवा. जमली तेवढी नावं मी पुढच्या एखाद्या भागात वाचून दाखवीन. तोपर्यंत काळजी घ्या. आणि गल्लीत कुणी सिस्टर, आशाताई राहत असेल तर तिचं काही अडलंय का, तेवढं बघा. भेटू!